मक्याचा तुरा आणि माझी सही

भाऊबीजेला भावाला ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली आणि साडीच्या पिशवीतून एक कागद निघाला. साडी मोरपिशी, काठपदराची, भावजयीनं निवडलेली होती. कागद मात्र त्यानं स्वतः निवडला होता. वर शिक्का, खाली सहीची रेघ, आणि मी चुकू नये म्हणून रेघेवर पेन्सिलीनं केलेली बारीक फुली. बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्या काळात किती प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या असतील ते मोजायची सोय नाही. तरी माझी सही कुठं असते हे मला फुली मारून दाखवावं लागतं, असं माझ्या धाकट्या भावाचं मत होतं.

कागद हक्कसोडीचा होता. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. गडहिंग्लजच्या बाजूला आमची दोन एकर जमीन आहे, आणि तिला वारस आम्ही दोघंच. आमच्याकडं बहीण जमिनीवरचा हक्क सोडते आणि भाऊ तिला आयुष्यभर सणाला साडी नेसवतो. हा व्यवहार इतक्या प्रेमानं होतो की त्याला व्यवहार म्हणणारी बाईच वाईट ठरते. माझ्या आत्यानं सही केली, मावशीनं केली, शेजारच्या सगळ्या बायकांनी केली. मीही केली असती. खरं सांगायचं तर पेन शोधायला मी उठलेसुद्धा होते.

पण भाऊ म्हणाला, "तुला तरी काय करायची हाय जमीन, अक्का? मातीत हात घालून किती वर्सं झाली तुला?"

तो गप्प बसला असता तर आज ती जमीन त्याची असती.

मी परत खाली बसले. विहिरीकडचा तुकडा डोळ्यांसमोर आला. लहानपणी त्या तुकड्यात वडिलांच्या मागं मागं मी सरीत उसाचं बेणं टाकत चालले होते, आणि हा तेव्हा आईच्या कडेवर बसून नाक गाळत होता. तो तुकडा मला हवा होता. इतकी वर्षं हवा होता आणि मला ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चिडले. मला ते जास्त चांगलं जमतं.

"विहिरीकडचा तुकडा मी करणार," मी म्हणाले.

"आणि लावणार काय?"

समोर ताटलीत आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावरून आणलेली उकडलेली मक्याची कणसं होती. माझ्या तोंडून निघालं, "मका. गोड मका."

भाऊ असा हसला की त्याच्या मांडीवरचा चिवडा सांडला. आमच्या भागात ऊस लावतो तो शेतकरी. बाकी सगळं लावणारे हौशी. आणि मका तर म्हशीचं खाणं. "बरं," तो डोळे पुसत म्हणाला, "आधी हितं घरामागं लावून दाखव. एक कणीस, एकच, बुडापास्नं शेंड्यापतूर भरल्यालं दाखव. परत कागदाचं नाव काढणार न्हाय."

"आणि नाही भरलं तर?"

"मग सही कर. शब्द दे."

मी शब्द दिला. मास्तरीण असल्यामुळं मला वाटायचं की माझा शब्द म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

आठवड्याभरात मी घरामागची जागा खणली. तिथं आधी आमच्या ह्यांची गुलाबाची बाग होती, म्हणजे तीन काड्या होत्या आणि एका काडीला दोन वर्षांपूर्वी फूल आलेलं होतं. हे निवृत्त झाल्यापासून दोनच कामं करतात. सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात आणि उरलेला दिवस हात मागं बांधून दुसऱ्याचं काम बघतात. काड्या उपटताना त्यांनी एक सुस्कारा सोडला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि घरच्या बागेच्या ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. त्यातल्या चौघांकडं बाग आहे.

बी आणायला मी शेती औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. वर्गात असताना शेवटच्या बाकावर काडीसारखा बसायचा, आता त्याच्या पोटावर गल्ल्याचा ड्रॉवर टेकतो. "बाई, या या," म्हणून त्यानं खुर्ची पुसली. पाकीट देताना म्हणाला, "बाई, एका ओळीत लावू नका हां. चार ओळी जवळजवळ करा. चौकोन झाला पायजे."

का, ते त्यानं सांगितलं नाही. मला माहीत असणारच असं त्यानं धरलं. मी विचारलं नाही, कारण शिष्याला विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी चार ओळी केल्या, ओळीला दहा रोपं. चाळीस रोपं तरारून वर आली आणि मी फोनवरून रोज भावाला त्यांची उंची सांगू लागले. तो म्हणायचा, "वाढतंय की गवात बी."

मग अळी आली.

एके सकाळी पानांना ओळीनं भोकं दिसली, कुणीतरी पंचिंग मशीननं पाडावीत तशी. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखा ओला चुरा साचला होता. पोंगा उलगडला तर आत एक करडी अळी आरामात बसलेली, डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण. लष्करी अळी. ह्यांनी ताबडतोब फोटो काढला. ग्रुपवर दोनशे माणसं एकदम जागी झाली. एकानं ताक फवारा म्हटलं, एकानं लसूण-मिरची, एकानं साबण, एकानं गोमूत्र. एका काकूंनी रोपांशी प्रेमानं बोलायला सांगितलं. मी बोलले. जे बोलले ते त्या काकूंना ऐकवण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी माझी पद्धत काढली. रोज उजाडता उजाडता भुवया कोरायचा चिमटा आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन चाळीस पोंगे तपासायचे, अळी चिमट्यात धरायची आणि डब्यात सोडायची. मग पोंग्यात चिमूटभर बारीक राख टाकायची. आठवड्यातून एकदा निंबोळीचा अर्क. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत वह्या तपासत जायची सवय होतीच, तीच इथं कामाला आली. तीन आठवड्यांत अळी हरली. पानं फाटकी राहिली, पण नवी पानं धड निघाली. मी फोनवर भावाला सांगितलं की तुमच्या अख्ख्या गावानं फवारे मारूनसुद्धा जी अळी जात नाही ती मी चिमट्यानं घालवली. त्याचं लक्ष दुसरीकडं होतं.

त्याचा ऊस उभा होता. त्या साली तोडणीची टोळी आमच्या शिवारात यायचं नाव घेत नव्हती आणि उसाला तुरा आला होता. उसाला तुरा येणं म्हणजे काय, हे उसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुरा आला की ऊस आतून पोकळ होतो, वजन घटतं, गोडी उतरते. लहानपणी शिवारात पांढरे तुरे डुलायला लागले की घरात वडिलांशी कुणी बोलायचं नाही. बाहेरगावची माणसं त्या तुऱ्यांसमोर उभी राहून फोटो काढतात, तेव्हा आम्हाला त्यांना हाकलून द्यावंसं वाटतं.

अशा मनःस्थितीत, संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी, भाऊ ट्रॅक्टरचं काही सामान न्यायला कोल्हापुरात आला आणि माझ्या घरी डोकावला. मी त्याला मोठ्या दिमाखात मागं नेलं. मका माझ्या डोक्याच्या वर गेला होता. कणसांची टोकं कुठं कुठं फुटू लागली होती, त्यातून रेशमाचे चार चार धागे बाहेर डोकावत होते. आणि प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर नुकताच उमललेला, ताठ, सोनेरी तुरा.

भावाचा चेहरा बदलला.

"ह्यो तुरा कवा आला?"

"दोन दिवस झाले."

"आणि ठेवलास तसाच? येडी का खुळी? आधी काढ त्यो! समदी गोडी खाऊन टाकंल. उसाचा हाताला लागत न्हाय म्हणून आमी गप बसतोय. ह्यो लागतोय की हाताला. काढ."

त्याची खरंच कळकळ होती, हे मला कबूल केलं पाहिजे. माझं कणीस भरू नये अशी त्याची इच्छा असती तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो मनापासून मला मदत करत होता.

आणि मी काय केलं? मी, विज्ञानाची शिक्षिका, मी क्षणभरही थांबले नाही. माझ्या अंगातली उसाची पोर जागी झाली. तुरा म्हणजे नुकसान. आम्ही दोघं बहीणभाऊ दोन टोकांनी सुरू झालो. तुरा धरायचा, वर ओढायचा, 'टच्' असा आवाज होऊन तो हातात येतो. खूप समाधान देणारा आवाज आहे. तो म्हणत होता, "ह्यो आणखी एक गेला," आणि मी हसत होते. लहानपणानंतर आम्ही एकत्र काम केल्याचं मला आठवत नाही. चाळीसावा तुरा निघाला तेव्हा माझ्या हातांवर आणि पदरावर पिवळी पूड पडली होती. मी ती झटकली. नीट, शेवटच्या कणापर्यंत झटकली, कारण मी स्वच्छ बाई आहे.

तुऱ्यांचा भारा मी कोपऱ्यावरच्या गवळ्याला दिला. तो संध्याकाळी चौकात दोन म्हशी आणून लोकांच्या समोर धार काढून देतो. म्हशींनी तुरे मन लावून खाल्ले. गवळी म्हणाला, "बाई, रोज आणा की." त्या सगळ्या हंगामात माझ्या शेतीचा फायदा झाला तो त्या दोन म्हशींनाच.

पुढं कणसांच्या मिशा लांब होऊ लागल्या. वीतभर झाल्या, तरी वाढतच होत्या, फिक्या हिरव्या, ओल्या, मऊ. ह्यांनी त्यांचे फोटो टाकले आणि ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली. "कोल्हापूरची मिशी," असंही कुणीतरी लिहिलं. मी वाट बघत होते त्या वाळण्याची. कणीस भरत आलं की मिशा तपकिरी होऊन वाळतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. माझ्या वाळत नव्हत्या. शेवटी मी दुकानदाराकडं गेले.

"बाई, तुरा कसा आला होता?" त्यानं विचारलं.

"चांगला आला होता. काढून टाकला."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

गल्ल्यावरचं पेन उचलून त्यानं परत ठेवलं. मग अगदी हळू, मला लागू नये अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुमीच शिकवल्यालं की. वाऱ्यानं होणारं परागीभवन. उदाहरण, मका. तुऱ्यातली पूड मिशीवर पडली की दाणा भरतोय. एक मिशी, एक दाणा. उदाहरण लिवलं न्हाय म्हणून तुमी मला दोन छड्या मारलेल्या. तवापास्नं मी इसरलो न्हाय."

दरवर्षी फळ्यावर मी मक्याचं चित्र काढायचे. तुरा तपकिरी खडूनं आणि त्यातून खाली पडणारे ठिपके पिवळ्या खडूनं. ते ठिपके मुलांना आवडायचे, म्हणून मी जास्तच काढायचे. तेच ठिपके पदरावर पडले आणि मी झटकून टाकले. दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी जास्तीचं काहीतरी औषध मागितलं, ते घेतलं आणि बाहेर पडले. अजून ते कपाटात आहे, कशावरचं आहे ते मी बघितलेलं नाही.

घरी येऊन पहिलं कणीस सोललं. आत पांढरा, ओला, नुसता दांडा. बुडाशी एका बाजूला आठ दाणे, पिवळेधमक, एकमेकांना चिकटून बसलेले. तुरे उपटताना जी काही पूड सांडली असेल तेवढ्याचे. दुसरं सोललं, त्यात तीन. तिसऱ्यात काही नाही. मी सगळी चाळीस सोलली. मला हुंदका फुटला आणि ह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, फोटो काढला नाही.

चार दिवसांनी भाऊ कागद घेऊन आला. मी लपवाछपवी केली नाही, आठ दाण्यांचं कणीस त्याच्यासमोर ताटलीत ठेवलं.

"ह्ये तर आज्जीचं बोळकं," तो म्हणाला आणि त्याला ठसका लागेपर्यंत हसला.

"तुरा काढल्यामुळं झालं," मी म्हणाले आणि त्याला परागीभवन समजावलं, अगदी वर्गात समजावत होते तसं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "व्हय? मला न्हवतं म्हाईत. पण मग तू काढलास कशाला?"

"तू म्हणालास म्हणून!"

"मी म्हणलो म्हणून काय झालं? मला उसाबगर काय येतंय? मास्तरीण तू हाईस न्हवं?"

तोंडात मारल्यासारखं झालं, कारण त्याचं बरोबर होतं. त्यानं कागद टेबलावर सरकवला. "ठरलं हुतं आपलं, अक्का."

ठरलं होतं. मी चष्मा लावला आणि कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. भाऊबीजेला मी फक्त फुली बघितली होती. त्यात लिहिलं होतं की मी हे राजीखुशीनं, पूर्ण विचार करून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून देत आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. वह्या तपासायचं लाल पेन अजून माझ्या पर्समध्ये असतं. मी त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'चूक'.

"ह्ये काय केलंस?"

"खोटं आहे ते. कुणाच्या सांगण्यावरून मी काय काय करते, ते आताच बघितलंस."

"शब्द दिल्तास तू मला."

"दिलता. मोडला."

मला वाटलं होतं की शब्द मोडला की आकाश कोसळेल. तसं काही झालं नाही. भावाचे कान लाल झाले, एवढंच. मग त्यानं अंगठ्यानं ते आठ दाणे एकेक करून काढले आणि खाल्ले. "गोड हाय," असं नाराजीनं म्हणाला. चपला घालताना, माझ्याकडं न बघता बोलला, "विहिरीकडच्या तुकड्यात ऊस हाय. टोळी येऊन तोड झाल्याबगर मोकळा हुणार न्हाय."

याचा अर्थ हो की नाही, ते मला कळलं नाही. मी हो असा धरला. दर आठवड्याला फोन करून विचारत होते, "टोळी आली?" दर आठवड्याला उत्तर यायचं, "न्हाय आजून." फेब्रुवारी संपला, उन्हं कडक झाली. भावाच्या आवाजात टोळीबद्दलचा राग मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला होता, आणि मी इतकी वर्षं वर्गात काढलेली आहेत. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणारं पोर मला आवाजावरून ओळखू येतं.

एका सकाळी मी पर्समध्ये मक्याचं नवं पाकीट टाकलं आणि गडहिंग्लजची एसटी धरली. फाट्यावर उतरून थेट शिवारात गेले. विहिरीकडच्या तुकड्यात उसाचं एक कांडं नव्हतं. तुकडा नांगरलेला होता, सऱ्या सोडलेल्या होत्या, पाटाला पाणी होतं. बांधावर माझा भाऊ उभा होता. मला बघून त्यानं टोपी काढली, परत घातली.

"टोळी आली वाटतं," मी म्हणाले.

"परवा... गेल्या म्हयन्यात," तो म्हणाला. "अक्का, उद्या बेणं येणार हाय."

"येऊ दे. तुझ्या तुकड्यात लाव."

मी चपला बांधावर काढल्या, मोरपिशी साडीचा पदर कमरेला खोचला आणि सरीत उतरले. हो, तीच साडी. मुद्दाम नेसले होते. माती गार होती. वाकताना गुडघा कळवळला, पण पहिलं बी टोकलं, दुसरं टोकलं, तिसरं टोकलं. तो येऊन माझा हात धरेल असं वाटत होतं, आणि धरला असता तर मी काय केलं असतं ते मला अजून माहीत नाही.

ओळ अर्धी झाली तेव्हा तो बोलला.

"अक्का, वरच्यावर टोकालीस की. जरा खोल घाल."

मी हात थांबवला. पर्समधून चष्मा काढला, पाकीट काढलं आणि त्यामागची बारीक अक्षरं वाचली. दोन बोटं, असं लिहिलं होतं. मी बी दोन बोटं खोल घातलं आणि पुढं सरकले.